भट्टी थंड होती ते साल

भाजलेल्या मिरच्यांची ताटली घेऊन फिक्रेता फाटकाशी पोचली, तेव्हा झुम्रा हानुमा कमरेवर हात ठेवून तिथे आधीच उभी होती. हानुमा म्हणजे बाईसाहेब; आळी तिला मानाने तशीच हाक मारायची.

"अर्धा तास झाला वास सुटून," झुम्रा म्हणाली. "आणि ताटली आत्ता येतेय?"

"अगं बाई, सोलायला नकोत का? सालासकट आणू?"

"सालासकट आण, पण वेळेवर आण. माझ्या सुनेच्या नाकात वास गेलाय. तिकडे आत पोर वाट बघत बसलंय आणि ही बाई इकडे साली काढत बसलीय!"

वरच्या आळीत ही रीत पूर्वीपासूनची. गरोदर बाईच्या शेजारात कुणी काही भाजलं, तळलं, शिजवलं की पहिली ताटली तिच्या घरी जायची. वास तिच्या नाकात गेला म्हणजे पोराला पोचला. वास पोचला आणि घास नाही पोचला तर पोर रुसतं, अंगावर डाग घेऊन येतं, नाहीतर येतच नाही. सप्टेंबरचे दिवस, अंगणाअंगणात पत्र्याचे पिंप पेटवून लाल मिरच्या भाजणं चाललेलं, त्यामुळे अल्मासापुढे त्या दिवशी ही सातवी ताटली होती. बिचारी प्रत्येकीतलं एक बोट चाटायची आणि सासूकडे बघायची, पुरे का?

"अजून एक घास," झुम्रा म्हणायची. "तुझ्यासाठी नाहीये तो."

अल्मासाला तिसरा महिना होता. आणि खेपही तिसरीच. पहिली पाचव्या महिन्यात गेली. दुसरी सातव्यात आली, मुलगी, किलोच्या जेमतेम वर. दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत एकोणीस दिवस जगली. झुम्रा रोज जायची आणि भिंतीतल्या खिडकीतून बघायची. नात हातात घेऊ दिली नाही कुणी. एकोणीस दिवस तिने दोन्ही हात पोटाशी धरून ठेवले, आत्ता देतील, मग देतील म्हणून. दिली ती पांढऱ्या कापडात गुंडाळलेली, तीही तिच्या मुलाच्या, नेर्मिनच्या हातात, कारण कबरस्तानात बायका जात नाहीत.

त्या दिवसापासून झुम्राचे हात कुठे ठेवावेत हे तिलाच कळेनासं झालं होतं. म्हणून ते सारखे कमरेवर. लोकांना वाटायचं, बाई भांडायला उभी आहे. आता भांडायची ती, नाही असं नाही.

खाली नदीकाठी भट्टी होती. पोलादाचा कारखाना, त्याला लागून कोळसा भाजून कोक करायच्या भट्ट्यांची रांग, आणि चार धुराडी. झुम्राचा नवरा रसीम त्या रांगेवर राबला आणि छातीनेच गेला. मुलगा नेर्मिन तिथेच क्रेन चालवायचा. वरच्या आळीतलं एक घर दाखवा, जे भट्टीवर जेवलेलं नाही! सकाळी खिडकीच्या कठड्यावर ओलं फडकं फिरवायचं, काळं झालं की पिळायचं, पुन्हा फिरवायचं, मग कॉफी. हे झुम्राने चाळीस वर्षं केलं आणि त्याला काम म्हणूनही मोजलं नाही. धूर दिसला की तिला बरं वाटायचं. घरातला पुरुष कामावर आहे, चूल पेटणार आहे.

आणि सुनेला ऐकवायला तिच्याकडे एक गोष्ट होती. ती गोष्ट आळीला पाठ झाली होती.

"नेर्मिनच्या वेळी लढाई होती. काय होतं खायला? मदतीच्या ट्रकमधले डबे, ज्यांना आमचा कुत्रासुद्धा तोंड लावत नव्हता, आणि नदीकाठचा खाजरा पाला उकडून. दूध नाही, अंडं नाही. पाणी डोक्यावरून आणायचं, वर तोफा. आणि पोर झालं किती किलोचं? चार! दाईने उचलला तर म्हणाली, हानुमा, हा चालतच घरी जाईल. आणि तुम्ही? लोणी आहे, मांस आहे, गोळ्या आहेत लोखंडाच्या…"

अल्मासा मान खाली घालून ताटलीतली मिरची चिवडत राही. ती उलट बोलणारी नव्हती. डोंगरावरच्या पोनोर गावची, बकऱ्यांमागे वाढलेली पोर. झुम्राला ती आवडायची, पण हे तिला सांगण्याची कधी गरज पडली नव्हती.

ऑक्टोबर सरला आणि दरीवर धुकं बसलं. आमच्याकडे एकदा धुकं बसलं की झाकण ठेवल्यासारखं बसतं. खालचा धूर वर जात नाही, आळीतच फिरतो. पाचच्या पाळीला भट्ट्यांची दारं उघडली की सडक्या अंड्यांचा वास घरात शिरायचा, उशीच्या अभ्र्यात, पिठाच्या डब्यात, केसांत. अल्मासा ओला टॉवेल दाराच्या फटीत लावायची आणि नाकाला रुमाल धरून बसायची. तिला पाचवा लागला होता. पाचव्यात काय झालं होतं ते घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

त्याच आठवड्यात मुनिबा नर्स आली. घरोघर फिरून गरोदर बायका आणि तान्ही पोरं बघणारी, निवृत्तीला आलेली, पाय सुजलेली बाई. तिने अल्मासाचं पोट मोजलं, टेप गुंडाळली, आणि गुंडाळलेली पुन्हा उलगडली. पुन्हा मोजलं.

"लहान आहे," ती म्हणाली.

"लहानच असतं पाचव्यात," झुम्रा म्हणाली. "तू काय बैल मोजायला आलीस?"

"मागच्या वेळीही असंच होतं, हानुमा. कुठे जाण्यासारखं आहे का हिला? धुराच्या बाहेर? बाळंत होईपर्यंत?"

"माझं घर सोडून? का, माझ्या घरात साप निघाला?"

तेव्हा अल्मासाने तोंड उघडलं. रुमाल तसाच नाकावर.

"मायको, मला आईकडे जायचंय."

झुम्राने कॉफीचं भांडं खाली ठेवलं. पोनोरला? त्या देवलेताकडे? लग्नात त्या बाईने आणलेला गोड बक्लावा झुम्राने सगळ्यांसमोर ताटात आपटून दाखवला होता, आवाज होतो का बघा म्हणून. आणि देवलेताने सगळ्यांसमोर म्हटलं होतं, दात नसतील तर भिजवून खा. तेव्हापासून दोघी विहिणी एकमेकींच्या दारात गेल्या नव्हत्या. आता नातू जन्मणार तो त्या घरात? सातव्या दिवशी बायका मिठाई घेऊन बाळ बघायला येतात तो बाबिनेचा दिवस, तो तिथे व्हायचा? आणि आळी काय म्हणेल, झुम्राच्या हातचं सुनेला सोसलं नाही?

"धुराने कुणी मरत नाही," ती म्हणाली. "तुझा सासरा तीस वर्षं त्यात उभा होता."

"आणि कशाने गेले?" अल्मासा म्हणाली. हळूच म्हणाली, पण म्हणाली. "मायको, शेजारच्या अंगणात मिरची भाजली तर तिचा वास पोराला पोचतो, असं तुम्हीच म्हणता. मग हा वास कुठे जातो? हा दारातूनच परत जातो का?"

झुम्राने आपली पाठ असलेली गोष्ट काढली.

"मी नेर्मिनच्या वेळी डब्यातलं कुजकं मांस खाल्लं आणि चार किलोचं…"

"कोणत्या साली, हानुमा?" मुनिबा टेप पिशवीत घालत होती.

"चौऱ्याण्णव. मार्चमध्ये. तुला माहीत नाही? तूच होतीस ना दवाखान्यात?"

"होते म्हणूनच विचारते. चौऱ्याण्णवला भट्टी चालू होती?"

झुम्राने कॉफीचं भांडं पुन्हा उचललं.

"ब्याण्णवपासून बंद होती," मुनिबा म्हणाली. "कोळसा नव्हता, माणसं लढाईवर. आम्ही नर्सा तेव्हा आपापसांत बोलायचो. बायका काडीसारख्या येतात, खायला काही नाही, आणि पोरं बघ कशी गोंडस. आम्हाला वाटायचं, अल्लाची दया. असेलही. पण धुराडी थंड होती, हेही खरं."

"चल, ऊठ," झुम्रा म्हणाली. "कॉफी पिऊन झाली असेल तर ऊठ. दुसऱ्यांचीही पोटं मोजायची असतील."

मुनिबा गेली. अल्मासा उठून खोलीत गेली. झुम्रा खिडकीशी बसून राहिली. बाहेर धुक्यात शेजारचं फाटकसुद्धा दिसत नव्हतं.

त्या सालचं तिला सगळं आठवत होतं, फक्त तिने ते कधी असं मांडून पाहिलं नव्हतं. समोरचा डोंगर दिसायचा, त्याच्यावरचं एकेक झाड दिसायचं. चादरी वाळत घातल्या की पांढऱ्या घातल्या तशा पांढऱ्या निघायच्या. नदीत मासे आले होते, आणि पलीकडच्या काठावर पिकलेल्या क्विन्सच्या फळांचा वास तिला पोटात नेर्मिन असताना अलीकडच्या काठावर यायचा आणि ती रडायची, कारण पलीकडे जाता येत नव्हतं. अख्खी चार वर्षं ती त्या थंड धुराड्यांकडे बघून देवाला म्हणत होती, पेटव रे बाबा, पुन्हा एकदा धूर दिसू दे.

दिसला. शहाण्णवला दिसला. ती आनंदाने रडली होती.

आणि एक गोष्ट होती जी ती कधीच कुणाला सांगत नसे. नेर्मिनच्या आधी गेलेले दोन. त्र्याऐंशीत एक, सत्त्याऐंशीत एक. दोन्ही वेळा चारही धुराडी रात्रंदिवस पेटलेली, कारखाना भरात, रसीमला दोनदा पदक मिळालं. दोन्ही वेळा सासूने सांगितलं, तू पोटुशी असताना फोडलेलं लाकूड ओलांडून गेलीस म्हणून असं झालं. झुम्राने ते मानलं. कोणतं लाकूड, कुठे ओलांडलं, हे ती चाळीस वर्षं शोधत होती. अंगणात, सरपणाच्या खोलीत, माहेरच्या वाटेवर. एकेक पाऊल तिने आठवून पाहिलं होतं, आणि ज्या दिवशी एखादं सापडल्यासारखं वाटे, त्या दिवशी ती जेवत नसे.

तिने खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं. सकाळीच पुसलेला होता. बोट काळं झालं.

दुसऱ्या दिवशी अल्मासा उठली तर दारात तिची बॅग भरून ठेवलेली. वर लोकरीचे मोजे, दोन जोड.

"तुझ्या आईच्या घरी फरशी गार असते," झुम्रा म्हणाली. "बघते काय अशी? नऊची बस आहे. जिंकलीस असं समजू नकोस. बाळंत झालीस की चाळीस दिवस. एक्केचाळिसाव्या दिवशी माझं पोर माझ्या घरात पाहिजे. शब्द दे."

"दिला, मायको."

"आणि त्या बाईच्या हातचा बक्लावा खाऊ नकोस. दात जातील."

अल्मासा हसली आणि मग सासूच्या गळ्यात पडून रडली. झुम्राने तिला पाठीवर दोनदा थोपटलं, जोरात, पीठ मळल्यासारखं.

नेर्मिन तिला बसवर सोडून आला. त्या हिवाळ्यात घर केवढं मोठं वाटायला लागलं! नेर्मिन पाळीवरून यायचा, जेवायचा, फोन घेऊन कोपऱ्यात बसायचा. झुम्रा मागून ओरडायची, "विचार, पाय सुजतात का! विचार, हलतं का!" आळीत बायका विचारायच्या, सून कुठे? झुम्रा म्हणायची, "मी पाठवलीय." एवढंच. फिक्रेताने मात्र एकदा सवयीने तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची ताटली आणली आणि फाटकात येऊन थबकली.

"अगंबाई, ती नाहीये नाही का."

"नाहीये," झुम्रा म्हणाली. "तुझ्या तेलाचा वास पोनोरला पोचत नाही." आणि तिला वाटलं, किती बरं झालं. लगेच दुसऱ्या श्वासाला वाटलं, किती वाईट. तिने ताटली घेतली आणि ओट्यापाशी उभ्याउभ्या सगळी खाल्ली.

मार्चमध्ये पोनोरपलीकडच्या गावातल्या दवाखान्यात अल्मासा बाळंत झाली. दिवस भरून. मुलगा. तीन किलो तीनशे. नेर्मिन फोन हातात धरून अंगणात नाचला आणि झुम्रा म्हणाली, "माझ्या पोरापेक्षा कमीच," आणि आत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

घाटात बर्फ पडून रस्ता बंद झाला. सातवा दिवस गेला. बाबिने तिकडेच झालं, देवलेताच्या घरी, तिच्या बक्लाव्यावर. बाराव्या दिवशी पहिली बस सुटली तिच्यात झुम्रा होती. पोनोरला उतरून, गुडघाभर बर्फातून, ती त्या घराच्या दारात उभी राहिली जिथे पाऊल ठेवणार नाही म्हणून तिने सांगून ठेवलं होतं.

"या विहीणबाई," देवलेता म्हणाली. ठेंगणी, लालबुंद गालांची बाई. "वाट चुकलात?"

"बाजूला व्हा. तुमच्याकडे नाही आले."

पोर झोपलेलं होतं. काळे केस, कपाळावर आठ्या, रसीमसारखा. अल्मासाने उचलून पुढे केला तेव्हा झुम्राचे हात कमरेवरून निघाले आणि मध्येच थांबले. कसं धरायचं ते क्षणभर विसरली ती. मग देवलेतानेच तिचा कोपर धरून वर केला, "असं. डोक्याखाली." आणि झुम्रा, जिला कुणी काही शिकवलेलं चालत नसे, तिने शिकवू दिलं.

"मशाल्ला म्हणा," देवलेता म्हणाली. "नजर लागेल तुमची."

"मशाल्ला. केवढं जड आहे गं हे!"

तीन किलो तीनशे. तिला तो दोन पोत्यांएवढा जड वाटला. संध्याकाळची बस गेली, तिने जाऊ दिली. त्या रात्री ती देवलेताच्या स्वयंपाकघरातल्या बाकावर झोपली आणि सकाळी म्हणाली, "बाक कडक आहे, बक्लाव्यासारखा."

मग ती परतली आणि दिवस मोजायला लागली. पाळण्यासाठी नवी गादी शिवली. भिंतींना चुना दिला. खिडक्यांच्या फटींत रबराची पट्टी बसवून घेतली. एक्केचाळिसाव्या दिवशी नेर्मिनने मित्राची गाडी आणली आणि झुम्रा सकाळी सहालाच तिच्यात जाऊन बसली.

पोनोरला अल्मासा तयार होती. बॅग भरलेली, पोर गुंडाळलेलं. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

"शब्द दिला होता, मायको," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

देवलेता दारातच उभी राहिली.

घाट उतरताना शेवटच्या वळणावर रस्ता मोकळ्यावर येतो आणि खालची अख्खी दरी दिसते. वर एप्रिलचं स्वच्छ ऊन होतं. खाली दरीच्या तोंडावर पिवळट करडं झाकण बसलेलं, घट्ट, आणि त्यातून धुराड्यांची चार टोकं वर आलेली. घरं नव्हती, नदी नव्हती. नेर्मिनने रोजच्या सवयीने काच वर केली.

झुम्राने मागे वळून पाहिलं. अल्मासा बाहेर बघत नव्हती. तिने ओढणीचं टोक बाळाच्या तोंडावर ओढलं होतं आणि वरून तळहात धरला होता.

"गाडी थांबव," झुम्रा म्हणाली.

"काय झालं? मळमळतंय?"

"थांबव म्हणते ना."

गाडी थांबली. झुम्रा समोर बघत राहिली. त्या झाकणाखाली तिचं घर होतं, चुना दिलेलं. तिथे रसीम होता, नातीची कबर होती, तिचं सगळं होतं. आणि मागच्या सीटवर एक पोर होतं, जे फुर्र फुर्र करून ओढणी उडवत होतं.

"वळव," ती म्हणाली.

"आई, तूच तर…"

"मीच. मग मीच सांगतेय. वळव."

"किती दिवसांसाठी?"

"मला काय विचारतोस? तुझी क्रेन कुठे दुसरीकडे चालते का ते बघ. तोवर मी तुझं जेवण रांधीन. तू खालून वर ये-जा कर. ही उतरणार नाही खाली."

मागून अल्मासा हुंदका देऊन म्हणाली, "मायको, पण मी शब्द…"

"तुझा शब्द मी तुला परत दिला. रडू नकोस, दूध आटतं."

गाडी परत पोनोरला पोचली तेव्हा देवलेता अजून दारातच उभी होती. झुम्रा गाडीतून उतरली, पोर तिच्या हातात दिलं आणि हात लगेच मागे घेतले, नाहीतर ते मागे आले नसते.

"देवलेता," ती म्हणाली. विहीणबाई नाही, नुसतं नाव. "याला थंडी लावू नकोस. आणि मी शुक्रवारी येईन. दर शुक्रवारी येईन, तुला आवडो न आवडो."

"बाकावर गादी टाकते," देवलेता म्हणाली.

मे महिन्यात एकदा शुक्रवारची बसच सुटली नाही. झुम्रा थांब्यावरून परत आली, दुपारी अंगणात बसली आणि नेर्मिनने शिकवलेलं बटण दाबून पोनोरला फोन लावला.

"झोपलाय गं तो," देवलेता म्हणाली. "आत्ताच पिऊन झोपला."

"फोन त्याच्याजवळ धर."

"झोपलाय म्हणते ना. काय ऐकणार तू?"

"धर तू."

काही वेळ नुसती खरखर आली. मग एक बारीकसा आवाज, आत जाणारा, बाहेर येणारा, मध्ये जरासा अडखळून पुन्हा चालू होणारा.

"झालं का?" लांबून देवलेताचा आवाज आला. "माझा हात दुखला."

"गप," झुम्रा म्हणाली. "श्वास घेतोय तो. फोन हलवू नकोस."